नाहूरच्या नाक्यावरचा बॅनर

प्रदीप,

तू पहिला प्रश्न काय विचारला असतास ते मला ठाऊक आहे. किती माणसं आली, कोण काय बोललं, असलं काही तू विचारणारा नव्हतास. तू विचारलं असतंस, "रुचिताचं काय झालं? जमलं का तिचं जायचं?" ते सांगायला मला जरा वेळ लागणार आहे. ऐकून घे. मला मध्ये न तोडता तू पहिल्यांदाच ऐकशील, नाहीतर आपल्या स्टाफरूममध्ये माझं एक तरी वाक्य तू पुरं होऊ दिलं होतंस का?

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराचा हॉल गच्च भरला होता. भंतेजींनी गाथा म्हटल्या. समोर मेणबत्त्या आणि तुझा फोटो. फोटो कुठला, तर कॉलेजच्या आयकार्डवरचा, ज्यात तू एखाद्याने खोटी हजेरी लावल्यावर बघावं तसा बघतोस. त्याहून बरा फोटो घरात मिळाला नाही म्हणे, कारण तू कधी काढूच दिला नाहीस. मग भाषणं झाली. प्राचार्य म्हणाले, प्रदीप सर मृदुभाषी होते. मला तिथे हसूच फुटणार होतं. वर्कशॉपमध्ये चार लेथ चालू असताना तुझा आवाज बाहेर कॅन्टीनपर्यंत यायचा. पोरांवर जीव टाकायचास, खरं आहे. कुणापुढे वाकला नाहीस, तेही खरं. पण तू किती हट्टी होतास, हे एकानेही सांगितलं नाही. मला बोलायला उठवत होते. मी नाही उठले. आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं आणि माझ्या डोक्यात त्याच्याशिवाय दुसरं काही नव्हतं. माइकवर उभं राहून मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही रे.

इतकी वर्षं आपण दोघांनी हे काम केलं, पण ते नेमकं काय आहे हे माझ्या घरातही कुणाला धड कळलं नाही. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत बायका विचारायच्या, "तुम्ही मुलांना परदेशी शिकायला पाठवता ना?" नाही, शिकायला नाही. "मग नोकरीला?" तसंही नाही. डिप्लोमा झालेल्या मुलांनी तिकडे जर्मनीतल्या साच्यांच्या कारखान्यात वर्षभर कारागिरांच्या हाताखाली काम करायचं आणि हात तयार करून यायचं. आणि हे शिक्षणही नाही आणि नोकरीही नाही म्हणूनच त्याला कुणी पैसे देत नाही. बँक म्हणते ॲडमिशन लेटर आणा. शिष्यवृत्तीवाले म्हणतात डिग्री कुठली ते सांगा. तिकडे पोचल्यावर कारखाना दरमहा पगार देतो, अडचण पोचेपर्यंतची असते. विमानाचं तिकीट, व्हिसासाठी खात्यात दाखवायची रक्कम, पहिल्या महिन्याचं भाडं, थंडीचे कपडे. तेवढ्यासाठी आपण दारोदार फिरायचो. मी गणित शिकवणारी बाई, माझा साच्यांशी काय संबंध? पण तुला इंग्रजीत मेल लिहायचा कंटाळा, म्हणून तू मला ओढलंस आणि मग मी त्यातून कधी निघालेच नाही.

तुझी पैसे मागायची रीत मला पहिल्यांदा वेड्यासारखी वाटली होती. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आपण एका गाळ्यात गेलो होतो. मला वाटलं, तू मुलाच्या घरची परिस्थिती सांगशील. तू खिशातून रुमाल काढलास, त्यात गुंडाळलेला पोलादाचा एक तुकडा मालकासमोर टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, "हे आमच्या पोराने केलंय." बस्स. मालकाने तो तुकडा हातात घेतला, बोट फिरवलं, उजेडाला धरला. मुलगा कुठल्या चाळीत राहतो, बाप काय करतो, एक शब्द नाही. त्यांनी विचारलं तरी तू विषय बदलायचास. मुलाला तर तू कधी बरोबर आणलंच नाहीस. कितीदा नकार यायचा. आपण बाहेर येऊन टपरीवर चहा प्यायचो आणि तू म्हणायचास, "बघितलंस ना कसा हात फिरवला त्याने? त्याला आवडलंय." मी म्हणायचे, "आवडून काय उपयोग, दिलं का काही?" पण कुणी ना कुणी द्यायचंच. पोरं गेली, शिकून आली. त्यातला एक तिकडेच राहिला, त्यानेच त्याच्या कारखान्यात रुचितासाठी शब्द टाकला.

रुचिता. मी इतक्या मुली पाहिल्या, पण अशी नाही पाहिली. गणितात बेताची, वर्गात गप्प, आणि वर्कशॉपमध्ये गेली की दुसरीच. तू म्हणायचास, हिच्या बोटांना डोळे आहेत. तिची निवड झाल्याचा मेल मी वाचून दाखवला तेव्हा तू खुर्चीवरून उठून वर्कशॉपच्या दाराशी जाऊन उभा राहिलास आणि बराच वेळ पाठमोरा राहिलास. त्या दिवशी तुला चिडवलं नाही, याची नोंद घे.

या वेळी तर सगळं सोपं झालं होतं. घाटकोपरच्या त्या ट्रस्टने, जो दर वर्षी कार्यक्रम करून मुलांना स्टेजवर उभं करतो आणि म्हणून तू ज्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हतास, त्या ट्रस्टने तुझी अट मानली. रुचिताने केलेला साच्याचा तुकडा अध्यक्षांनी बघितला आणि म्हणाले, ठीक आहे सर, तुमच्यासाठी एकदा. स्टेज नाही, भाषण नाही, चेक थेट देतो. तू किती खूश होतास! कॅन्टीनमध्ये सगळ्यांना भजी खिलवलीस, आणि तुझ्या खिशातून कधी भजी येत नाहीत हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. त्याच आनंदात तू रुचिताच्या वडिलांना फोन केलास.

दिलीपराव भांडुपला फ्लेक्सच्या दुकानात मशीनवर काम करतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे वाढदिवस छापले त्या माणसाने. कुणाच्या पोराची मुंज, कुणाच्या पोरीचे नव्वद टक्के, कुणाच्या साहेबांचा सत्कार. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा आपल्या घरचा बॅनर छापला. नाहूर स्टेशनकडून आत वळताना लागतो तो नाका, तिथे लावला. 'नाहूरची शान! कु. रुचिता हिची जर्मनीतील कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मध्ये तिचा युनिफॉर्ममधला फोटो. आणि वर, कोपऱ्यात, हात जोडलेला विभागातला एक भावी नगरसेवक.

तो का, हे तुला-मला सांगायला नको. नेत्याचा फोटो नसलेला बॅनर खांबावर टिकत नाही, कुणीतरी उतरवतं. हे त्या धंद्यातल्या माणसाहून जास्त कुणाला कळणार? पोरीचा फोटो चार दिवस तरी राहावा म्हणून त्यांनी वर साहेब डकवला. साहेबांना विचारलं, साहेब म्हणाले लावा की.

ट्रस्टच्या कमिटीतल्या कुणीतरी तो बॅनर पाहिला. अध्यक्षांचा तुला फोन आला तेव्हा मी समोरच बसले होते. तू स्पीकरवर टाकला होतास. "सर, मुलीला तर पार्टीने स्पॉन्सर केलंय. आम्हाला कळवायचं तरी. आम्ही दुसऱ्या गरजूला बघतो." तू सांगत राहिलास, अहो, त्यांनी एक पैसा दिलेला नाही, बापाने हौसेने लावलाय. ते शांतपणे म्हणाले, "असेल, पण आमच्या संस्थेचं नाव त्या फोटोखाली नको." मग, फोटो त्यांचा तर पैसेही त्यांनीच द्यावेत म्हणून तू त्या भावी नगरसेवकाच्या ऑफिसात गेलास. तिथला माणूस म्हणाला, "साहेबांच्या शुभेच्छा आहेत ना सर. अजून काय पायजे?"

हे तू मला सांगितलंस आणि हसलास. मीही हसले. वाट लागली होती, यार, आणि ती कशापायी, तर एका बापाच्या आनंदापायी. कुणावर चिडायचं?

तू दिलीपरावांना रागावला नाहीस. नाक्यावर गेलास, त्यांच्याबरोबर बॅनरखाली उभा राहिलास आणि म्हणालास, "फोटो झकास आलाय." ते मला त्यांनीच विहारात सांगितलं. आत येत नव्हते, चपलांपाशी उभे होते. "मॅडम, सर एक शब्द बोलले नाहीत मला. बोलायला पाहिजे होतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." मी त्यांना आत घेऊन गेले. तुझ्या फोटोपुढे उभं राहून ते इतके रडले की ज्यांचा नवरा गेला त्या सुनीतावहिनींनाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्यानंतर तू चारकोपला पुन्हा फिरलास, त्या उन्हात. गाळ्यागाळ्यांतून. मंदी आहे, सर. पुढच्या वर्षी बघू, सर. मुलगी एकटी जाणार का, सर? तुझा चेहरा राखेसारखा झाला होता आणि मी तुला डॉक्टरकडे जा म्हटलं नाही, कारण मी तुझ्याशी भांडण्यात गुंतले होते. मी म्हणत होते, ट्रस्टकडे परत जा. त्यांच्या वार्षिक कार्यक्रमाला पोरीला उभी कर. सगळ्यांसमोर तिनेच सांगू दे की नेत्याने काही दिलेलं नाही. पाच मिनिटं बोलेल, शाल घेईल, नारळ घेईल, आणि जाईल रे ती! वर्षभराचं काम, आयुष्यभराचा हात, आणि त्याच्यासमोर पाच मिनिटं. गणिताच्या बाईला यात न कळण्यासारखं काय आहे?

तू म्हणालास, "तुला नाही कळणार, विद्या."

"मग कळेल असं सांग ना!"

तू नाही सांगितलंस. वर्कशॉपकडे गेलास. तो शुक्रवार होता. रविवारी तू नव्हतास.

सांगितलं ते वहिनींनी, विहारातून माणसं पांगल्यावर. तू दहावीत असताना अशाच एका ट्रस्टने तुला स्टेजवर बोलावलं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्याने विचारलं, बाळ, आई काय काम करते ते सांग सगळ्यांना. तू सांगितलंस, लोकांकडे भांडी घासते. टाळ्या पडल्या. आई मागच्या रांगेत बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत फूल घालून. टाळ्या पडल्या तशी ती उठली आणि बाहेर निघून गेली. त्यानंतर तुझ्या एकाही कार्यक्रमाला ती आली नाही. तुझ्या लग्नातही खाली कोपऱ्यात बसून राहिली, स्टेजवर फोटोला चढली नाही.

प्रदीप, इतकी वर्षं माझ्यासमोर बसून डबा खाल्लास. माझी भेंडीची भाजी संपवलीस. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात रोज हॉस्पिटलला आलास, माझ्या लेकीच्या लग्नात वाढप केलंस. आणि हे एवढं मला सांगता आलं नाही तुला? मला खूप लागलं ते. अजून लागतंय.

आणि ऐक, ते सगळं कळल्यावरही मी ट्रस्टकडे गेले. मला शरम नाही वाटली. तू नव्हतास, चारकोपचे गाळे तुझ्या ओळखीचे होते, माझ्या नव्हेत. मी रुमालातून तुकडा काढून ठेवला तर ते मलाच विचारणार, बाई, हे काय आहे. तिकडचा कारखाना थांबायला तयार नव्हता, त्यांनी शेवटची तारीख कळवली होती. माझ्याकडे एकच रस्ता होता आणि मी तो धरला. अध्यक्ष भला माणूस निघाला. तुझ्यासाठी हळहळला. म्हणाला, "बाई, कार्यक्रमाला या मुलीला घेऊन. आईवडिलांनाही आणा, देणाऱ्यांना बरं वाटतं. सगळ्यांसमोर खुलासा झाला की आमच्या कमिटीचंही समाधान होईल." मी हो म्हटलं आणि तिथून थेट नाहूरला गेले.

दिलीपराव लगेच तयार झाले. "मी हात जोडून उभा राहतो, मॅडम. माझ्यामुळेच झालंय सगळं. पाया पड म्हणाले तर पाया पडतो."

रुचिता म्हणाली, "नाही."

मला वाटलं लाजतेय. मी समजावायला लागले. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. "मॅडम, सरांनी मला कधीच कुणासमोर नेलं नाही. माझं काम नेलं. मी विचारलं होतं त्यांना, मी येऊ का बरोबर? तर म्हणाले, तू कशाला, तुझा हात येतोय ना." मी म्हटलं, अगं, सर आता नाहीत. ती म्हणाली, "म्हणूनच." मग बापाकडे बघून म्हणाली, "मी तिकडे जाईन. हे इथे राहतील. आत्ता कसे बोलले ते ऐकलं ना तुम्ही? पाया पडतो म्हणाले. मला असं नाही जायचं."

अख्खी दुपार मी भांडले तिच्याशी. पोरी, तुझ्या सरांच्या हट्टाने माझं डोकं उठलं होतं, आता तू सुरू नको करूस. वर्षभराने बाप विसरेल. लोक तर दुसऱ्या दिवशी विसरतात. तिच्या आईने दोनदा चहा केला. शेवटी मी रागावून उठले, जिन्यात उभी राहून रडले, परत वर जाऊन पुन्हा भांडले. कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत फोन करत राहिले. ती दर वेळी फोन उचलायची आणि दर वेळी तेच सांगायची, अगदी आदराने.

कार्यक्रम झाला. तो चेक नर्सिंगच्या एका मुलीला मिळाला, चांगली मुलगी आहे म्हणतात. शेवटच्या तारखेला मी कारखान्याला मेल लिहिला. आजवर तिकडे जेवढे मेल मी लिहिले त्यांत 'येत आहे' असं असायचं. हा लिहायला मला पूर्ण सकाळ लागली. तुझा तिकडचा विद्यार्थी फोनवर नुसता "मॅडम, मॅडम" करत राहिला. पगार आहे माझा, त्यावर उचल घेऊ का, म्हणाला, पण तोवर जागा दुसऱ्याला गेली होती.

रुचिता गेली नाही, प्रदीप. हेच सांगायचं होतं, आणि हेच सांगवत नव्हतं.

मग मी वहिनींकडे गेले. कुणाकडे तरी जायला हवं होतं. सगळं सांगितलं, पोरीचा नकार, तारीख, मेल. त्या ऐकता ऐकता थांबल्याच. म्हणाल्या, "पण ताई, ह्यांनी तर हो म्हणायचं ठरवलं होतं."

"कशाला हो?" मी विचारलं.

"शनिवारी रात्रभर तळमळत होते. रविवारी सकाळी चहा पिताना म्हणाले, विद्याचंच बरोबर आहे. पोरीचं नुकसान करायचा मला काय हक्क? सोमवारी ट्रस्टला फोन करतो आणि रुचितालाही मीच समजावतो, माझं ऐकेल ती. मला वाटलं तुम्हाला बोलले असतील फोनवर. मग ते आंघोळीला गेले, आणि..."

वहिनी माझा हात धरून बसल्या होत्या, जणू माझंच माणूस गेलं होतं. खरं तर गेलंच होतं.

इतकी वर्षं तुझ्याशी भांडले आणि एकदाच जिंकले, आणि ते तू मला सांगितलं नाहीस. एक फोन, प्रदीप. रविवारी सकाळी, चहाचा कप हातात असताना, एक फोन. तू मला नाहीतर त्या पोरीला एवढं म्हणाला असतास तर ती आज तिकडे असती. तुझं तिने ऐकलं असतं. तिने तुझंच ऐकलं, फक्त आधीचं.

आता तुला शेवटचं सांगते. रुचिता चारकोपला लागली आहे, तुझ्याच ओळखीच्या एका गाळ्यात. बाटल्यांच्या झाकणांचे साचे. मी परवा तिला बघायला गेले. मालक तिच्यावर खूश आहे. लेथचा आवाज, तेलाचा वास, आणि ती एप्रन घालून उभी. मला बघून बाहेर आली, हात पुसत. तिच्यासाठी नेलेला लाडूचा डबा घेतला. बाबा बरे आहेत म्हणाली, बॅनर उतरवला म्हणाली. मग खाली बघत तिने विचारलं, "मॅडम, एक विचारू? सर असते तर शेवटी हो म्हणाले असते का?"

मी तिच्याकडे बघितलं. वहिनींनी सांगितलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

"नाही गं," मी म्हटलं. "सर कधीच हो म्हणाले नसते."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. हसली, आणि आत जाऊन मशीन सुरू केलं.